ग्रीनहाऊस लावायचंय? आधी टेप आणा!

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला परसात कढीपत्ता जगवायचाय. तिथल्या थंडीत तो टिकत नाही, म्हणून छोटं ग्रीनहाऊस हवं. पण त्याला परवानगी लागते का?

बहुतेक स्वतंत्र घरांना लागत नाही. सरकारने मर्यादा आधीच ठरवून दिल्यात. ग्रीनहाऊस घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे नको. हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर उंची २.५ मीटरपेक्षा जास्त नको. आणि सगळी जादा बांधकामं मिळून मूळ घराभोवतालची निम्म्याहून अधिक जागा व्यापायला नको. वारसा यादीतल्या घराला मात्र अर्ज करावाच लागतो.

थोडक्यात, कचेरीत खेटे घालायचे नाहीत, टेप लावून मोजायचं. शेजाऱ्याच्या उन्हाची काळजीही त्या २.५ मीटरमध्ये आलीच.

गोम पुढे आहे. ही सूट फ्लॅटला नाही. तळमजला असो, स्वतःची बाग असो, तरी नाही. बहीण नेमकी तशाच फ्लॅटमध्ये राहते! म्हणजे घर परवडत नाही म्हणून फ्लॅट घेणारी तरुण मंडळीच फॉर्म आणि फी भरत बसणार. नियम सोपा आहे, पण ज्यांचं घर स्वतंत्र, त्यांच्यापुरताच.