बाळाचे कान तपासले का?

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. ज्याच्या कानावर तो पडतो तो सावध होतो. त्याच आठवड्यात तालुक्यात एखादे बाळ ऐकू न येणारे जन्मले, तर त्याच्या घरच्यांना सावध करणारा भोंगा कुठेच वाजत नाही.

कानावर पडणाऱ्या आवाजांतून बाळाचा मेंदू घडत असतो, आणि हे काम जन्माआधीच सुरू होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो. डोहाळजेवणात गाणी म्हणणाऱ्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही! कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा अभ्यास याहून बोलका आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत त्यांची ती क्षमता जवळपास ओसरली; हिंदी घरांतल्या बाळांची टिकली. ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला फरक मराठी माणसाला उपजत वाटतो. प्रत्यक्षात तो पहिल्या वर्षभराच्या ऐकण्याने राखलेला असतो.

मग ज्याला ऐकूच येत नाही त्याचे काय? जगभरात हजार नवजात बालकांमागे साधारण एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे असल्याने शंकाच येत नाही. शिवाय असे बाळ पहिले काही महिने हसते, हुंकार देते. ताट वाजवले की दचकतेसुद्धा, कारण त्याला हादरा जाणवतो. पुढे दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही तेव्हा ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणून आजी धीर देते. ही माया फार महागात पडते.

तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून उमटणारा प्रतिसाद यंत्र टिपते. याला ‘ओएई’ म्हणतात. काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या दिवशी कानात पाणी असल्याने निकाल चुकू शकतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी ‘बेरा’ तपासणी हवी. महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा जगभर मान्य झालेला क्रम आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण २०१३ पासून आहे. पण फाटलेला ओठ डोळ्यांना दिसतो, बहिरेपण दिसत नाही. त्याला यंत्रच लागते. दाजीपूरकडच्या वाडीतून भर पावसात ओल्या बाळंतिणीने कोल्हापूरला जाणे म्हणजे घरच्यांची एका दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून प्रसूती जिथे होते तिथेच, घरी सोडण्यापूर्वी, ही चाचणी झाली पाहिजे. फेरतपासणीची आठवण आशाताईंच्या घरभेटीत जोडता येईल, कारण पहिल्या ४२ दिवसांत त्या घरी येतातच.

दोष निघालाच, तर श्रवणयंत्र, गरजेनुसार कॉक्लिअर इम्प्लांट आणि वाचा-उपचार हे मार्ग आहेत. सांकेतिक भाषा शिकवली तर बोलणे मागे पडेल, ही भीती मात्र सोडावी. भाषेसाठी आसुसलेल्या मेंदूला ती हातांनी मिळाली तरी चालते, फक्त वेळेवर मिळावी लागते. रुग्णालयातून निघताना बाळाच्या कागदावर कानाच्या चाचणीचा निकाल लिहिलेला नसेल, तर वडिलांनी तिथेच थांबून तो विचारावा.