म्हातारीचा रक्तदाबही मोजा

कर्त्या मुलाने आत्महत्या केली की पंचनामा होतो, मदतीचे प्रकरण तयार होते. घरातल्या म्हाताऱ्या आईचा रक्तदाब मात्र कोणी मोजत नाही. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आपला वाशीमही होता. अशा आया आपल्या भागात आहेत.

मनाला लागलेला घोर शरीरातही उतरतो. सततच्या चिंतेने अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो आणि धमन्यांचे आतील अस्तर बिघडू लागते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचे संरक्षणही कमी झालेले असते. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात (२००४) मानसिक ताण व हृदयविकार यांचा संबंध दिसून आला, स्त्रियांतही.

बायकांच्या छातीत कळ येईलच असे नाही. धाप लागणे, जबडा वा पाठ दुखणे, मळमळ, घाम, एकाएकी गळून जाणे हीही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

माझे स्पष्ट मत असे की, मदतीचे कागद घेऊन येणाऱ्यांबरोबर आरोग्यसेविकाही यावी आणि तिने त्या आईचा रक्तदाब व साखर तपासावी. घरच्यांनी तिची गोळी चुकू देऊ नये, तिला मन मोकळे करू द्यावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ची मोफत सेवा आहे. घरात एक मृत्यू झालाच आहे, दुसरा टाळता येण्यासारखा आहे.