प्रेक्षक नसलेले व्यासपीठ

भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे भांडवलशाहीने लोकशाहीला दुरून केलेला नमस्कार, असे मी वर्गात सांगत असे. मालकी एकाकडे आणि नियंत्रण दुसऱ्याकडे ही फारकत बर्ल आणि मीन्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९३२ सालीच दाखवून दिली होती. तरीही वर्षातून एकदा अध्यक्षाला जिवंत माणसांना सामोरे जावे लागे. १९८६ साली रिलायन्सची सभा मुंबईच्या क्रॉस मैदानावर भरली तेव्हा हजारो भागधारक जमले होते. तो देखावाच होता, हे मान्य. पण त्या देखाव्यात कोणीही उठून ओरडू शकत होता. वेफर आणि बर्फीच्या पुड्यासाठी येणाऱ्यांची आपण तेव्हा चेष्टा करीत असू. ती चेष्टा आज मला जरा महागात पडल्यासारखी वाटते.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, महामारीमुळे, केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने या सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यास परवानगी दिली. ते योग्यच होते. साथ ओसरल्यावरही ही सवलत वारंवार वाढवली गेली, तेथे संशयाला जागा आहे. त्या परिपत्रकांतील एक तरतूद वाचण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्यांनी निदान १,००० सभासदांची सोय करावी आणि प्रवेश 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वाने द्यावा. मात्र दोन टक्के वा अधिक भाग असणारे, प्रवर्तक आणि वित्तसंस्था यांना ही रांग लागू नाही! रांगेत कोणी उभे राहायचे, हे सरकारनेच ठरवून टाकले.

माझ्याकडे एका कंपनीचे दहा भाग आहेत. तिची अशी सभा मी घरी बसून पाहिली. पडद्यावर भव्य मंच होता. मागे प्रकाशमान भिंत, पुढे चकचकीत जमीन, दोन्ही बाजूंना पायऱ्या. व्यासपीठ उंच का करतात? मागच्या रांगेतील माणसाला वक्ता दिसावा म्हणून. येथे तर एकही रांग नव्हती. कॅमेरा हव्या त्या उंचीवर ठेवता येतो. मग ती उंची कोणासाठी होती? दिसण्याची गरज संपल्यावर उंचीत अधिकाराखेरीज काही उरत नाही. अध्यक्ष त्या पायऱ्या सावकाश चढले, रिकाम्या दालनाकडे पाहून हसले आणि बोलू लागले. मी प्रश्नासाठी आगाऊ नाव नोंदवले होते. माझी पाळी आलीच नाही. पुढे वार्षिक अहवाल उलटसुलट चाळला, पण मंचावरील खर्चाची स्वतंत्र ओळ मला आढळली नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. चंद्रपूरच्या भागधारकाला मुंबईचे भाडे न भरता सभेत बसता येते, हा लाभ खरा आहे. पण याच तंत्राने उलट दिशाही साधता येते. २०२० साली अमेरिकेत ऑर्लँडो येथे बास्केटबॉलचे सामने प्रेक्षकांविना झाले, तेव्हा मैदानाभोवती सुमारे सतरा फूट उंचीचे पडदे उभारून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे खेळाडूंना दाखवले गेले. खेळाडूला प्रेक्षक हवा असतो. आमच्या संचालक मंडळांना प्रकाशमान भिंत पाठीमागेच हवी असते, समोर नको.

आणि हा मंच रात्रभर ठोकणारे सुतार, रंगारी, वायरमन? ते कंत्राटदाराची माणसे. सभेत त्यांच्याविषयी अवाक्षर निघत नाही. पूर्वीच्या सभेत खुर्च्या मांडणारा, चहा देणारा, पुडे बांधणारा यांनाही दोन दिवसांची मजुरी मिळे. ती गेली. सभेच्या खर्चातील श्रमाचा वाटा आटला आणि भाड्याच्या यंत्रांचा वाढला, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. सवलत चालू ठेवायचीच असेल तर नोंदवलेला प्रत्येक प्रश्न सर्व सभासदांना सभेपूर्वी दिसावा, न घेतलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखी प्रसिद्ध व्हावीत, आणि मंचाचा खर्च व तो उभारणाऱ्यांना मिळालेली मजुरी अहवालात शेजारी शेजारी छापावी. माझा प्रश्नही मजुरीचाच होता. पुढील वर्षी तो मी पुन्हा नोंदवणार आहे.