सहा दिवस आणि सात वर्षे

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी एक बंद करण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पात मांडला आणि जगभरचे शास्त्रज्ञ हवालदिल झाले. पण संताप यायला हवा तो आपल्याला आणि आपल्याच सरकारचा. औंढा नागनाथजवळची भारताची लायगो वेधशाळा वेळेवर उभी राहिली असती, तर आज जगाने तिच्याकडे आशेने पाहिले असते.

गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची. भारतातल्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारीची. सहा दिवस! त्यानंतर २,६०० कोटींवर शिक्कामोर्तब व्हायला एप्रिल २०२३ उजाडले. सात वर्षे! आता वेधशाळा पूर्ण होण्याचे साल २०३० सांगितले जाते. २०१६ साली दहावीत असलेली येलदरी-जिंतूरची पोरे तोवर तिशीला टेकतील. जागेची पाहणी, भूसंपादन यांना वेळ लागतो, हे मान्य. सात वर्षे लागत नाहीत.

जग थांबले नाही. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपायची, तर प्रकाशकणांची क्वांटम चुळबुळच आड येते. ती एका बाजूने दाबली की दुसरीकडून फुगते. अमेरिकेत तीनशे मीटरची खास पोकळी बसवून २०२३ पासून हा पेचही सोडवला गेला. चाळीस किलोंच्या आरशांवरचे नॅनोमीटरांत मोजायचे थर अजून सुधारताहेत. हे सारे औंढ्यात शिकता आले असते. सात वर्षे आपण फायली हलवल्या.

येलदरी धरणाचे पाणी औंढा तालुक्यातल्याच सिद्धेश्वर धरणात उतरते. पूर्णेवर धरण बांधून वीज काढणाऱ्या या मुलखाला मोठी कामे नवी नाहीत. नवे आहे ते ताटकळणे. राष्ट्रीय क्वांटम मिशनचे सहा हजार कोटीही एप्रिल २०२३ चेच. त्याची चार केंद्रे बंगळुरू, चेन्नई, मुंबई, दिल्लीत. क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. लायगोचा विषय दुसरा कोणता? त्या केंद्राची एक प्रयोगशाळा औंढ्यात का नको? नांदेड विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने लेझर आणि निर्वात नळ्यांचे काम शिकायला इंदूर-गांधीनगरच्या संस्था का गाठाव्यात?

वेधशाळेच्या कामाचे महिनावार वेळापत्रक सरकारने जाहीर करावे, मराठीत, आणि ते औंढ्याच्या तहसील कार्यालयाबाहेर लावावे. चुकलेल्या प्रत्येक महिन्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे.