पाण्यातले चर्च कुणाच्या खात्यावर?

बेलूर-हळेबीडची सहल मराठी कुटुंबांना नवी नाही. मुक्काम बहुधा हसनला, सकाळी होयसळांची शिल्पे, दुपारी श्रवणबेळगोळ आणि मग परतीची घाई. त्याच हसनपासून गोरूरच्या बाजूला वीसएक किलोमीटर आत गेले, की शेतांतून जाणारा रस्ता हेमावती जलाशयाच्या काठी येतो आणि समोर छप्पर नसलेले एक चर्च दिसते. हे शेट्टीहळ्ळी. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूच्या टोकदार कमानी अजून उभ्या आहेत. पावसाळ्यात त्या पाण्यातून वर डोकावतात, उन्हाळ्यात आत चालत जाता येते.

छायाचित्रकारांना हे चर्च फार आवडते. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, हौशी तरुण भिंतींवर चढतात. पण चर्च होते म्हणजे गाव होते, एवढी साधी गोष्ट त्या फोटोंत दिसत नाही. १९७९ मध्ये गोरूरचे धरण पुरे झाले, खालच्या शेतीला पाणी मिळाले आणि शेट्टीहळ्ळीची माणसे दुसरीकडे हलवली गेली. आपल्याकडे उजनीच्या पाण्यातून पळसदेवचे देऊळ वर आले, की दुष्काळातही तिथे गर्दी लोटते. तसलाच हा प्रकार.

बुडिताखालची वास्तू वाचवताच येत नाही, असे मात्र नाही. नागार्जुनसागर होत असताना नागार्जुनकोंड्याचे उत्खनन झाले आणि तिथले अवशेष हलवून पुन्हा उभारले गेले. ते दीड हजार वर्षांहून जुने होते. हेमावती अडवली गेली, तेव्हा शेट्टीहळ्ळीचे चर्च जेमतेम शंभरी ओलांडलेले. एवढ्या ‘नव्या’ वास्तूसाठी कोण धावणार? १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात किमान वयाची अट शंभर वर्षांचीच आहे. पण वय भरले म्हणून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते.

आणि इथेच घोडे अडते. जमीन संपादन झाली की वास्तू बुडीत क्षेत्रात जमा. पाटबंधाऱ्यांच्या माणसाला पाण्याची पातळी राखायची असते, भिंती नव्हेत. भाविक गावाबरोबर गेले. दरसाल भिजणे आणि वाळणे चालू असते. त्यात चुना सुटतो, विटा झिजतात, फटींत झाडे मुळे धरतात.

२०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदच आहे. पण बेलूर-हळेबीडच्याच जिल्ह्यातल्या या चर्चला नवे छप्पर नको आहे, रंगरंगोटी तर नकोच. उन्हाळ्यात पाणी उतरते त्या दोन-तीन महिन्यांत उभ्या भिंतींचे सांधे चुन्याने भरणे, मुळे काढणे, वर चढायला बंदी करणे, एवढ्याने बरेच भागेल. खर्च फार नाही. फक्त तो कोणत्या खात्याने करायचा, हे बंगळूरला कुणीतरी ठरवायला हवे, आणि तेही कमानी उभ्या आहेत तोवर.