चालतंय ना? मग हात लावू नकोस!

आपल्या आयटीवाल्यांचा एक लाडका मंत्र आहे: "चालतंय ना? मग हात लावू नकोस." या मंत्राचा मला मनापासून राग आहे. त्याच्यापायी माझी चूक दुसऱ्याच माणसाच्या माथी मारली गेली.

झालं असं, की जुन्या कंपनीत मी सी मध्ये एक लिंक्ड लिस्ट लिहिली होती. साधा नोड: आधी एक इंटिजर, मग पुढच्या नोडचा पॉइंटर. शेवटी लिस्ट मोकळी करायला एक फॉर लूप. त्यात नोड फ्री करायचा आणि मग त्याच नोडमधून नेक्स्ट वाचून पुढे जायचं. आली का गंमत लक्षात? भाड्याचं घर सोडलं, किल्ली मालकाला दिली आणि मग आत राहिलेली चिठ्ठी वाचायला परत गेलो!

पण हे वर्षानुवर्षं चाललं. मग सर्व्हरवरचं लिनक्स अपग्रेड झालं आणि त्याच रात्री प्रोग्रॅम कोसळला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी सिस्टम ॲडमिनला धरलं. "काल चालत होतं, तू अपग्रेड केलंस आणि बंद पडलं." खरं सांगतो, मीही मान डोलावली.

कारण नंतर कळलं. फ्री केली म्हणून मेमरी पुसली जात नाही. ६४ बिटवर जुनी जीलिबसी असा छोटा ब्लॉक परत घेतल्यावर त्याच्या पहिल्या आठ बाइटांत स्वतःची नोंद ठेवायची. म्हणजे माझा इंटिजर जायचा, नेक्स्ट शाबूत राहायचा. २०१९ च्या २.२९ आवृत्तीपासून, डबल फ्री पकडता यावं म्हणून, ती पुढच्या आठ बाइटांतही खूण लिहू लागली. बरोब्बर माझ्या नेक्स्टवर! अपग्रेडने काही मोडलं नव्हतं. आधीच मोडलेलं फक्त उघडं पडलं.

बरं, ही चूक नवीही नाही. कर्निहन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच लूप चुकीचा म्हणून दाखवलाय. उपायही तिथेच: फ्री करण्याआधी नेक्स्ट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. पण आम्ही शिकलो टर्बो सी वर. तिथे नल पॉइंटरवर लिहिलं तरी प्रोग्रॅम बहुतेक वेळा शेवटपर्यंत धावायचा आणि जाताना 'नल पॉइंटर असाइनमेंट' एवढंच पुटपुटायचा. आउटपुट आलं ना? मग घ्या जर्नलवर सही! तोच संस्कार घेऊन आम्ही नोकरीला लागलो.

"प्रिंटएफ टाकून शोधतो की" म्हणणारेही भेटतात. अहो, प्रिंटएफ स्वतःच्या बफरसाठी मेमरी घेतो. मांडणी बदलते आणि बग लपून बसतो. व्हॅलग्राइंड २००२ पासून आहे, ॲड्रेससॅनिटायझर जीसीसीमध्ये २०१३ पासून. कंपाइल करताना एक फ्लॅग द्यायचा, बस्स. प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू होतो, पण नोड कुठल्या ओळीत फ्री झाला आणि कुठल्या ओळीत वाचला, दोन्ही सांगतो. माझा बग पहिल्याच रनला सापडला. डेडलाइन सगळ्यांनाच असते हो, पण टेस्ट बिल्डला एक फ्लॅग लावायला कितीसा वेळ लागतो?

असो. मी सगळ्यांना मेल टाकला की लूप माझा होता, आणि ॲडमिनला जाऊन सॉरी म्हटलं. तो हसून म्हणाला, "जाऊ दे रे, आता चालतंय ना?"