गल्ला आणि मत

‘कसा आहे पिक्चर?’ या प्रश्नाला पूर्वी ‘बरा आहे’, ‘पैसे फुकट गेले’, ‘गाणी तेवढी चांगली’ अशी उत्तरे मिळत. अलीकडे हे उत्तर पुष्कळदा आकड्यांत मिळते : पहिल्या तीन दिवसांत इतके कोटी, दुसऱ्या आठवड्यात तितके. एका नटाचा चाहता दुसऱ्या नटाच्या चाहत्याशी भांडतो तेव्हा तो अभिनयाचा वा कथेचा दाखला देत नाही, गल्ल्याचा देतो. ज्या पैशातली कवडीही त्याच्या वाट्याला येणार नाही, उलट ज्यात त्याच्याच खिशातले शे-दोनशे रुपये गेलेले आहेत, त्या पैशाच्या बेरजेचा त्याला अभिमान वाटतो. दुकानदाराला नफा झाला म्हणून गिऱ्हाइकाने पेढे वाटावेत, तसा हा प्रकार आहे.

शंभर कोटींच्या गल्ल्याची भाषा रूढ झाली ती २००८ च्या ‘गजिनी’नंतर. त्या भाषेतली मेख साध्या गुणाकारात आहे. गल्ला म्हणजे तिकिटाचा दर गुणिले तिकिटांची संख्या. सरासरी दर २०० रुपये असेल तर ५० लाख तिकिटांत १०० कोटी होतात. तीच ५० लाख तिकिटे पाच रुपयांनी विकली गेली तर अडीच कोटी. म्हणजे कोटींच्या आकड्यावरून चित्रपट किती माणसांनी पाहिला हेसुद्धा कळत नाही. तो त्यांना आवडला की नाही, हे तर दूरच राहिले. मध्यंतरात कंटाळून उठून गेलेल्या माणसाचे पैसेही गल्ल्यात जमाच असतात. केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराला वृत्तपत्रांतल्या सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. त्या स्पर्धेत वाचक स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज बांधतो. आजच्या चाहत्याला नेमके हेच शिकवले जात आहे. त्याने स्वतःचे मत बाजूला ठेवायचे आणि बाजाराचे मत स्वतःचे म्हणून मिरवायचे.

ही हानी वाटते तेवढी किरकोळ नाही. सामान्य माणसाला आपले मत निर्भयपणे देता येईल अशा जागा थोड्या असतात. मालकाविषयी, सावकाराविषयी, जातपंचायतीविषयी तो सहजासहजी तोंड उघडत नाही. चित्रपट, मालिका, पुस्तक यांविषयी मात्र तो बेधडक बोलतो आणि त्या बोलण्याचा परिणामही होतो. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी त्याला फारसे बरे म्हटले नव्हते आणि धंद्यातील जाणकारांनीही नाके मुरडली होती. प्रेक्षकांनी एकमेकांना सांगत त्याला उचलून धरले आणि मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षे चालला. त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ थोड्या भांडवलाचा होता, त्यात मोठा नट नव्हता. त्यालाही असेच तोंडोतोंडी यश मिळाले. दोन्ही निवाडे विद्वानांना मान्य होण्याजोगे नव्हते, पण ते प्रेक्षकांचे स्वतःचे होते.

वाचनालयांतही हेच चाले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने ‘उत्तम, जरूर वाचा’ असे लिहिलेले असे आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘अजिबात वाचू नका’. (रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभागही असत, त्यांना क्षमा नाही.) बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या अशा वाचकांच्या जोरावर. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यांना दाराबाहेर उभे केले याची त्या वाचकांना खबरही नव्हती.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या मताकडे ज्या तुच्छतेने पाहिले, तिची किंमतही मोजली गेली आहे. दादा कोंडके हे त्याचे उदाहरण. गिरणगावात वाढलेला, ‘अपना बाजार’ या सहकारी भांडारात नोकरी केलेला, सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यातून घडलेला हा कलावंत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्याला रंगभूमीवर नाव दिले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने घराघरांत पोचवले. पुढे त्याच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार, यात्रेच्या तंबूत बसलेला शेतमजूर यांना पडद्यावर प्रथमच आपल्यासारखा बावळट दिसणारा आणि शेवटी शहाण्यांची फजिती करणारा माणूस भेटला. त्यातले द्व्यर्थी संवाद पुढे पुढे ओंगळ झाले, त्यांचा रोख बहुतेक वेळा स्त्रीच्या शरीरावर राहिला, हा आक्षेप खराच आहे आणि तो सोडून देण्याचे कारण नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी पिटात बसून लोक नेमके कशाला हसतात हे पाहिलेले किती होते? दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये ‘सोंगाड्या’ लावण्यावरून वाद झाला तेव्हा प्रेक्षकांच्या रागाला रस्त्यावर वाचा दिली ती शिवसेनेने. सेवा दलाच्या संस्कारांतून आलेल्या कलावंताचा प्रेक्षक असा दुसऱ्याच्या झेंड्याखाली गेला. त्या वेळी पुरोगामी मंडळी अभिरुचीच्या ऱ्हासावर परिसंवाद घेत होती.

चाहत्याचे मत नेहमी योग्य असते असे मुळीच नाही. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका लोकशिक्षणाच्या हेतूने, मेक्सिकोतील प्रयोगाच्या धर्तीवर आखली गेली होती. कुटुंबनियोजनाचे पाठ प्रेक्षकांना रुचले नाहीत आणि पहिल्या तेरा भागांनंतर मनोहर श्याम जोशींना ते सौम्य करावे लागले. मालिका १५६ भाग चालली, प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार दोन शब्द बोलत, आणि प्रेक्षकांच्या पत्रांचा अक्षरशः पूर आला. पण सगळे सोसणारी भागवंती ही आई ज्या हेतूने रंगवली होती, त्याच्या उलट अनेक प्रेक्षकांना, स्त्रियांनासुद्धा, ती आदर्श वाटली. लोकांना शिकवायला गेलेल्यांना लोकांच्या मनात काय आहे ते त्या पत्रांतून कळले. ते सुखावह नव्हते. पण माहीत असणे आवश्यक होते. आज एखादी कंपनी कोणत्या मालिकेचा कोणता भाग प्रेक्षकाने कुठे बंद केला याची बिनचूक नोंद ठेवते, परंतु तो का बंद केला हे सांगणारे पत्र तिला कोणी पाठवीत नाही.

‘रामायण’ मालिकेची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेली ही मालिका जुलै १९८८ मध्ये राज्याभिषेकाशी थांबली. तिने देशाच्या राजकारणावर काय परिणाम केला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. उत्तरकांडाविषयीची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या उत्तर भारतातील सफाई कामगारांनी, जालंधर आणि इतर शहरांत, उत्तरकांडही दाखवावे यासाठी काम बंद ठेवले. वाल्मीकींच्या आश्रमात सीता राहते, लवकुश वाढतात, तो भागच गाळला तर आमचे काय उरले, असा त्यांचा सवाल होता. अखेर उत्तररामायणाची वेगळी मालिका काढावी लागली. पगारासाठी नव्हे, बोनससाठी नव्हे, तर कथेत आपली जागा असावी म्हणून झालेला हा संप होता. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही.

अशा प्रेक्षकाला आता चित्रपटगृहाच्या दारातच अडवले गेले आहे. दिल्लीत १९९७ मध्ये पहिले मल्टिप्लेक्स आले. महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्स बांधणाऱ्यांना करमणूक करात सवलती दिल्या, आणि एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडत गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे काय झाले हे सर्वविदित आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला, त्यात मल्टिप्लेक्सही आले. ज्या आवारात बाप साच्यावर उभा होता, त्याच आवारात चौघांच्या कुटुंबाने रविवारचा एक खेळ पाहायचा म्हटले तर मुलाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. न आलेल्या प्रेक्षकाचे मत गल्ल्यात मोजले जात नाही, आणि निर्माता तर गल्ल्याकडे पाहूनच पुढचा चित्रपट ठरवतो. मग पडद्यावरून शेतकरी, गिरणीकामगार, हमाल नाहीसे झाले तर त्याचे खापर प्रेक्षकांच्या अभिरुचीवर का फोडावे?

संधी मिळाली की हा प्रेक्षक येतो. २०१६ च्या ‘सैराट’च्या वेळी रहिमतपूरसारख्या गावात लोकाग्रहास्तव मध्यरात्रीनंतरही खेळ लावावे लागले. गाण्यांवर नाचणारी पोरे शेवटच्या दृश्यानंतर गप्प होऊन बाहेर पडत. त्यांच्यापैकी काहींनी शेवट गोड करायला हवा होता असे म्हटले, काहींनी असेच घडते असे म्हटले. त्या वादात जातीवर जेवढे बोलले गेले, तेवढे अनेक जाहीर सभांतही बोलले जात नाही. नंतर मात्र वृत्तपत्रांनी त्या चित्रपटाविषयी मुख्यतः एकच गोष्ट लक्षात ठेवली : शंभर कोटींचा पहिला मराठी चित्रपट.

तमिळनाडूत तिकिटाच्या कमाल दरावर सरकारी नियंत्रण आहे. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली. मल्टिप्लेक्सवाले न्यायालयात गेले आणि तिला स्थगिती मिळाली. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून गावोगावच्या वाचकासाठी अनुदान मान्य केले. तालुक्याच्या प्रेक्षकाला तो न्याय लावण्याचा विचार विधिमंडळात कोणी तरी मांडायला हवा. वस्तू व सेवा कराच्या परिषदेने २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. रविवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये शंभर रुपयांचे तिकीट कोणत्या खिडकीवर मिळते, हे परिषदेने सांगितलेले नाही.